एसीच्या पाण्यावर वाढलेली पाहुणी

ते झाडाशी इंग्रजीत बोलायचे. रोज सकाळी पाच वाजता हातात काळी रबरी नळी धरून ते झाडासमोर उभे राहत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "गुड मॉर्निंग मॅडम. वॉटर कमिंग. नो टेन्शन." मग नळी बुंध्यापासून हातभर लांब ठेवत आणि गुडघ्यांवर हात टेकून पाणी मुरताना बघत बसत. पाणी मुरलं की अरबीत आभार मानत "शुक्रन मॅडम" म्हणून टूलबॉक्स उचलून कामाला निघत.

मी एकदा विचारलं, "काका, तिच्याशी मराठीत का नाही बोलत?"

"तिला मराठी कुठं येतंय अजून?" ते म्हणाले. "अमेरिकेची हाय ती. आधी हितं रमू दे. मग शिकवू."

गंमत करतायत असं वाटून मी हसले. ते हसले नाहीत.

दोहाच्या अबू हमूर भागातल्या आमच्या कंपाउंडचे ते एसी टेक्निशियन. नऊ व्हिला, प्रत्येक व्हिलात सहा-सात एसी, आणि त्या सगळ्यांना थंड ठेवणारा हा एकटा माणूस. गाव पाटणकडच्या डोंगरात. कतारमध्ये येऊन बावीस वर्षं झालेली. उंच, काटकुळे, खाकी शर्टाच्या खिशात टेस्टर आणि डोक्यावर कायम एक ओला पंचा. कंपाउंडमधली पोरं त्यांना 'एसी अंकल' म्हणत. मी 'काका' म्हणायचे, ते मला 'ताई'.

एसी दुरुस्त करणाऱ्या या माणसाला एसीत बसवायचं नाही. चहाला बोलावलं तर एक पाय दाराबाहेर ठेवून उंबऱ्यातच कप रिकामा करत. एसी 'बंद पडला' किंवा 'खराब झाला' असं कुणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "खराब न्हाई, रुसलाय. फिल्टर कवा धुतलावता?" असा उलट प्रश्न यायचा. माणसांचीही तपासणी ते त्याच पद्धतीने करत. दमलेल्या माणसाचा गॅस कमी झालेला असायचा, चिडक्याचा थर्मोस्टॅट बिघडलेला असायचा, आणि फार बोलणाऱ्या माणसाला ते 'विंडो एसी' म्हणत. माझा नवरा गॅस कंपनीत सीनियर इंजिनिअर, ऑफिस वेस्ट बे भागातल्या उंच टॉवरमध्ये. आमचा हॉलचा एसी थंड करेना तेव्हा त्याने काकांना दहा मिनिटं दाब आणि तापमानाचं गणित समजावून सांगितलं. काकांनी ते शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं. मग बाहेरच्या युनिटमधून कबुतराचं अख्खं घरटं काढून त्याच्या हातात दिलं. "तुमचं बरोबर हाय सायेब. फकस्त ह्ये आडवं आलं."

झाड त्यांच्याकडे आलं सात नंबरच्या व्हिलातून. तिथे एक म्हाताऱ्या अमेरिकन शिक्षिका राहायच्या. त्यांनी घरून बिया आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाच कुंड्यांत रोपं केली होती. स्वीटगम नावाचं झाड. पान हाताच्या पंज्यासारखं, पाच टोकांचं, चुरगाळलं की राळेसारखा वास येणारं. थंड मुलखातलं, ओल्या, आंबट मातीत वाढणारं. इथल्या खाऱ्या वाळूत ते जगण्याची काही शक्यता नव्हती. चार रोपं गेली. पाचवं जगलं, कारण काका त्यांच्या घरी एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून ठेवायचे आणि बाई तेच पाणी त्याला घालायच्या. बाई कायमच्या परत निघाल्या तेव्हा त्यांनी ती कुंडी काकांच्या हातात दिली. जगणार नाही हेही सांगितलं.

"म्या इचारलं," काका मला सांगत होते, "मॅडम, फ्रूट? तर म्हनाल्या, फ्रूट न्हाई, काटेरी गोळे लागतात, कुनी खात न्हाई. म्हटलं, मेडिसिन? न्हाई. मग कशाला, म्हटलं. तर म्हनाल्या, थंडीत पानं लाल व्हतात. बघायला." ते थांबले. "नुसतं बघायला, ताई! आमच्या गावात झाड म्हंजी आंबा, फनस, जांभूळ, न्हाईतर सरपन. बघायला कोन झाड लावतंय? चार दिवस झोप लागली न्हाई मला."

त्या चार दिवसांत त्यांनी जे ठरवलं ते पुढची सहा वर्षं पाळलं.

कंपाउंडच्या मधल्या मोकळ्या जागेत, दुपारच्या उन्हाला भिंत आडवी येईल अशा कोपऱ्यात, त्यांनी कमरेइतका खड्डा खणला. तिथली वाळू काढून टाकली, गोण्यांतून आणलेली काळी माती भरली, ती आंबट राहावी म्हणून त्यात गंधक मिसळलं. बागेला टँकरचं पाणी यायचं. ते जिथे वाळे तिथे पांढरी खार धरायची. त्यातला थेंबही झाडापर्यंत जाऊ नये म्हणून खड्ड्याभोवती विटांचा बांध घातला. आणि मग त्यांनी नऊही व्हिलांच्या एसीच्या ड्रेन पाइपांना जोडण्या दिल्या. भिंतींच्या कडेने करड्या नळ्यांचं जाळं पसरलं आणि सगळं पाणी एका निळ्या टाकीत यायला लागलं. खिशातून क्षार मोजायचं छोटं मीटर काढून ते टाकीत बुडवत आणि जो कुणी समोर असेल त्याला दाखवत. "बघा. बारा! तुमच्या बाटलीतल्या पान्यापेक्षा स्वच्छ." कॉइल केमिकलने धुवायच्या असल्या की त्या व्हिलाचा व्हॉल्व्ह बंद करून त्यावर लाल चिंधी बांधत आणि तीन दिवस त्या घरचं पाणी टाकीत येऊ देत नसत.

झाडाला नाव पडलं 'पाहुणी'.

आमची खरी ओळख त्या पाहुणीच्या काविळीमुळे झाली. मी नाशिकला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. लग्नानंतर दोहात आले, मुलगी झाली, आणि माझी एमएस्सी बॅगेतल्या फाइलीत राहिली. चार वर्षांत मला इथे कुणी मीठ जास्त झालंय का याखेरीज केमिस्ट्रीचं काही विचारलं नव्हतं. एका सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात स्टीलची ताटली, ताटलीत एकच पान. पान पिवळं पडलेलं, शिरा तेवढ्या हिरव्या.

"ताई, तुम्ही रसायनाच्या मास्तरीन ना? हिला कावीळ झालीया."

मी पान उजेडात धरलं. "लोह कमी पडतंय, काका."

"लोखंड? आवं, म्या पावशेर गंजके खिळे पुरलेत बुंध्यात!"

"लोह असून उपयोग नाही. माती परत अल्कधर्मी झाली की लोह मातीतच अडकून बसतं. मुळांना ओढून घेता येत नाही."

त्यांनी मान हलवली. "म्हंजी बिल्डिंगीत पानी हाय, पन नळाला येत न्हाई."

"बरोबर. पंप चालत नाही."

त्यानंतर दीड तास आम्ही दोघं त्या खड्ड्याशी बसून होतो. मी लिटमस, पीएच, चिलेट असं बोलत होते आणि ते प्रत्येक शब्दाला पाइप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर असं आपलं भाषांतर करून घेत होते. आम्ही बीटाच्या रसासारखं लाल पाणी होणारी लोहाची पावडर मागवली. तीन आठवड्यांनी नवीन पानं हिरवी आली. काकांनी त्यातलं एकही खुडलं नाही, मलाच तिथे नेलं आणि आल्यागेलेल्या प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्या डॉक्टर." मला घरी येऊन रडू आलं. पुढच्या महिन्यात मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीसाठी अर्ज केला. आज मी तिथेच आहे.

जुलै महिना त्यांच्या जिवाला घोर लावायचा. कुटुंबं सुट्टीला भारतात जायची, घरं कुलूपबंद, एसी बंद, म्हणजे पाहुणीचं पाणी बंद. परवानगीशिवाय कुणाच्या घराच्या बटणाला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. मग ते एकेकाला फोन लावत. एका उन्हाळ्यात मी नाशिकला आईकडे जेवायला बसले असताना त्यांचा फोन आला. "ताई, तुमचा एसी अठ्ठावीसवर चालू ठेवायची परमिशन द्या. सोफ्याला बुरशी लागंल." सोफ्याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण त्या वर्षी बंद ठेवलेल्या चार नंबरच्या घरात खरोखरच सोफ्याला बुरशी लागली, त्यामुळे त्यानंतर त्यांना कुणीच नाही म्हणेना.

ते स्वतः मात्र दोन उन्हाळे गावी गेले नाहीत. तेव्हा एके दिवशी मला पाटणहून फोन आला. काकी होत्या. आधी तब्येत-पाणी झालं, मग आवाज खाली आला.

"ताई, एक इचारू का? खरं सांगा. तिकडं कोन बाई हाय का?"

"बाई?"

"रोज फोनवर तिचंच. पाहुनी आज बरी हाय. पाहुनीला ऊन लागलं. पाहुनीनं नवी पानं घातली. पानं घातली म्हनं! म्या म्हटलं, सोन्याची पानं असत्याल."

मी हसत हसत बाहेर गेले आणि झाडाचा फोटो काढून पाठवला. मग काकींचा व्हॉइस मेसेज आला, "ह्ये? येवढंसं?" आणि मागे सुनांचं हसणं. त्यानंतर काकी स्वतःच विचारायला लागल्या, पाहुणीने पाणी घेतलं का म्हणून. आता काका कायमचे गावी गेलेत. काकींनीच मला सांगितलं की तिथे ते शेजाऱ्यांचे फ्रिज दुरुस्त करतात आणि प्रत्येकाला फ्रिजमागचं पाणी फेकू नका म्हणून बजावतात.

मी त्यांना घाबरलेलं एकदाच पाहिलं. पाहुणी तेव्हा पाच वर्षांची, माझ्या दीडपट उंच झाली होती. खोडाला सालीच्या उभ्या पट्ट्या धरल्या होत्या. पानं मात्र अजून एकदाही लाल झाली नव्हती. दर डिसेंबरात ती कडेने करपून तपकिरी व्हायची आणि गळायची. त्या सप्टेंबरात कंपाउंडच्या मॅनेजरनी सगळ्यांना कळवलं की मोकळ्या जागेत गाड्यांना सावलीसाठी छत्र्या उभारायच्यात. झाड आठवड्याभरात काढावं लागेल.

काका माझ्या दारात आले. पंचा डोक्यावर नव्हता, हातात होता.

"ताई, इंग्रजीत एक अर्ज लिवून द्या."

मी लिहायला बसले. पहिलंच वाक्य नम्र विनंतीचं होतं. ते वाचून मी त्यांना मराठीत सांगितलं, तशी त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"इनंती काढा. म्या भीक मागत न्हाई, काम सांगतोय. लिवा: झाड जागेवरनं हलवता येतं. पानं गळल्याबिगर हलवायचं न्हाई, न्हाईतर मरंल. जानेवारीत हलवायचं. उत्तरेच्या भिंतीला, पंपरूमशेजारी जागा हाय. सगळं काम म्या सुट्टीत करीन. खाली माझं नाव आन् हुद्दा."

अर्ज एका पानाचाही झाला नाही. मॅनेजर जॉर्डनचे, तसे सरळ गृहस्थ. त्यांनी तो दोनदा वाचला आणि जानेवारीअखेरपर्यंत मुदत दिली.

ऑक्टोबरात काकांनी झाडाभोवती अर्धवर्तुळ खणलं, मुळं करवतीने स्वच्छ कापली आणि चर खताने भरला. डिसेंबरात उरलेलं अर्धं. एकदम सगळी मुळं तोडली तर धक्का बसतो, असं ते म्हणाले. हे त्यांना कुणी शिकवलं होतं मला माहीत नाही. जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे जमलो. मुळांचा गोळा ओल्या गोणपाटात बांधलेला होता आणि त्याचं वजन किती असेल यावर आमच्या नवऱ्यांमध्ये वाद पेटला होता. कुणी लॅपटॉप आणला होता. कुणी क्रेन मागवा म्हणत होतं. काकांनी सगळ्यांचं ऐकलं. मग प्लायवूडचा जाड तुकडा गोळ्याखाली सरकवला, त्याच्याखाली बांधकामाच्या परांचीचे चार पोकळ पाइप आडवे घातले आणि म्हणाले, "आता ढकला. यल्ला." मागचा पाइप सुटला की तो उचलून पुढे टाकायचा. पन्नास पावलांना तीन तास लागले. माझ्या नवऱ्याचा शर्ट फाटला आणि तो कधी नव्हे एवढा खूश होता.

आणि मग ती वाळली.

मार्चमध्ये थोडी पानं आली, मेच्या गरम वाऱ्यात सगळी झडली. जून, जुलै, ऑगस्ट. पंपरूमशेजारी नुसती काठी उभी. मॅनेजर एकदा येऊन खांद्यावर हात ठेवून गेले. चार नंबरवाले म्हणाले, खलास. काका रोज पाचला येत, पाणी घालत, नखाने सालीचा बारीकसा टवका काढून बघत आणि निघून जात. "गुड मॉर्निंग" बंद झालं होतं. ऑगस्टच्या शेवटी मलाच ते बघवेना. मी म्हटलं, "काका, सोडा आता. खूप केलंत."

पुढचे पंधरा दिवस ते आमच्याकडे चहाला आले नाहीत. एवढी वर्षं त्यांच्याबरोबर त्या मातीत बसून शेवटी मीही इतरांसारखीच निघाले, याची मला लाज वाटते. अजूनही वाटते.

सोळाव्या दिवशी सकाळी बेल वाजली. "ताई, चष्मा घिऊन या."

मी धावत गेले. बुंध्यापासून वर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, सालीतून टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी हिरवं वर आलं होतं. थोडं वर आणखी एक. काकांनी ओला पंचा डोक्यावरून काढला, बुंध्याभोवती गुंडाळला, आणि मी पहिल्यांदाच त्यांना तिच्याशी मराठीत बोलताना ऐकलं. "आलीस का गं बाये?" एवढंच म्हणाले. मी दुसरीकडे बघितलं.

त्या हिवाळ्यात ती लाल झाली. सगळी नाही. उत्तरेकडची बाजू आधी पिवळी, मग केशरी, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पिकल्या डाळिंबासारखी. दुसरी बाजू हिरवीच राहिली. एकाच झाडावर दोन ऋतू. अबू हमूरमधल्या वाळूच्या रंगाच्या भिंतीपुढे ते इतकं अनोळखी दिसायचं की डिलिव्हरीवाले मोटरसायकल थांबवून फोटो काढायचे. बायका चहाचे कप घेऊन तिथे उभ्या राहत. काका त्या आठवड्यात इस्त्री केलेला शर्ट घालून कामावर येत होते.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी कंपाउंडचे मालक नव्या छत्र्या बघायला आले. वयस्कर कतारी गृहस्थ, अंगात पांढरा पायघोळ थोब, हातात काठी. वर्षातून एकदा येत. आम्ही सगळे बाहेरच होतो. छत्र्या त्यांनी धड बघितल्याही नाहीत. ते सरळ पंपरूमकडे चालत गेले आणि झाडासमोर उभे राहिले. एक लाल पान दोन बोटांत धरलं, पण तोडलं नाही. मग खाली वाकून विटांचा बांध बघितला, भिंतीवरून आलेल्या नळ्या बघितल्या, निळ्या टाकीवर काठी टेकवली. नळ्यांचा माग काढत ते दोन व्हिलांपर्यंत जाऊन परत आले.

मग आमच्याकडे वळून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "याचा इंजिनिअर कोण?"

आमच्या नऊ घरांत सात इंजिनिअर. रिफायनरीचे, पाइपलाइनचे, टॉवरचे. सातही तिथे उभे होते. मग माझ्या नवऱ्याने हात उचलून मागे, पंपरूमच्या दाराकडे दाखवलं. त्याच्यामागोमाग चार नंबरवाल्यांनी. मग सगळ्यांनी.

काका दारात पाना घेऊन उभे होते. मॅनेजर घाईने काहीतरी सांगायला लागले, पण मालकांनी हाताने त्यांना थांबवलं आणि काकांकडे बघून पुन्हा विचारलं, "तू इंजिनिअर?"

काकांनी पाना पँटच्या मागच्या खिशात खोचला. दोन्ही तळवे शर्टाला पुसले. पुढे आले आणि ताठ उभे राहिले.

"नो सर," ते म्हणाले. "एसी टेक्निशियन."

मालकांनी हात पुढे केला, काकांनी तो धरला, आणि कंपाउंडमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. माझा नवरा वेस्ट बेच्या तिसाव्या मजल्यावर बसतो आणि त्याच्या कार्डावर त्याचा हुद्दा दोन ओळींत छापलेला आहे. तो हुद्दा त्याने तशा ताठ आवाजात सांगितलेला मी कधी ऐकला नाही.